पाऊण तासाचा हिशेब : नववीतल्या एका मुलाच्या स्वयंअध्ययनाचं प्रकरण

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर, बंदराला लागून एक छोटं हायस्कूल आहे. निम्मी मुलं मासेमारीवर चालणाऱ्या घरांतली. बाकीची वरच्या वाड्यांतली. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे वडील मुंबईला, घरी आई आणि म्हातारी माणसं. गणित-विज्ञान शिकवणाऱ्या बाई इथे बरीच वर्षं आहेत. तालुक्यातल्या गणित शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी एका मुलाची वही सगळ्यांना दाखवली आणि तेव्हापासून मी या प्रकरणाच्या मागे लागलो. शाळेत जाऊन बसलो, मुलाशी बोललो, त्याच्या आजोबांशी बोललो. नावं कुणाचीच देत नाही.

'मुलं स्वतःहून अभ्यास करत नाहीत' ही तक्रार प्रत्येक शिक्षकखोलीत ऐकू येते. पण एखादं मूल स्वतःहून अभ्यासाला लागलं तेव्हा नेमकं काय घडलं, कोण काय बोललं, कोण कुठे गप्प बसलं, हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

निकाल उत्तम, तरीही

कोकण विभागाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये तो ९९.०१ टक्के होता, २०२५ मध्ये ९८.८२. या शाळेचाही निकाल त्याच पंगतीतला. त्यामुळे बाईंची तक्रार पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. मुलं पास होतात, शिस्तीची आहेत, वह्या पूर्ण असतात. मग अडचण काय?

अडचण बाईंना एका प्रशिक्षणाच्या आठवड्यात दिसली. त्या नसताना नववीने विज्ञानाचा एक धडा आपापला वाचून त्यावरचे प्रश्न सोडवायचे होते. बाई परतल्या तर जवळजवळ सगळ्या वह्या कोऱ्या. मुलांनी दंगा केला नव्हता. धडा वाचलाही होता, काहींनी तर दोनदा. "मग लिहिलं का नाही रे?" तर उत्तर आलं, "बाई, तुम्ही उत्तरं दिली नव्हती ना."

दुसरी गोष्ट रोजची. गणिताच्या तासाला एक उदाहरण सोडवून झालं की टेबलाशी रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात वही आणि तोंडात एकच प्रश्न: "बाई, बरोबर आहे?" बाईंनी बरोबरची खूण केली की चेहरा खुलायचा, फुली मारली की मूल जागेवर जाऊन शेजाऱ्याचं बघून लिहायचं. आपलं उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, असं कुणालाच वाटत नव्हतं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. आपण प्रेरणा, जिद्द, आवड हे शब्द फार वापरतो. पण ज्या कामात खरं-खोटं ठरवणारा कायम दुसराच असतो, त्या कामात माणूस स्वतःहून किती वेळ टिकेल? परीक्षक खोलीतून बाहेर गेला की काम थांबतं. मूल आळशी आहे म्हणून ते थांबत नाही. पुढे गेलो की मागे गेलो हे कळायला त्याच्याकडे काही साधनच नसतं.

आधीचे प्रयत्न

बाईंनी आधी सर्वपरिचित उपाय केले. थोरांच्या गोष्टी सांगितल्या. हा तालुकाच गोष्टींचा. मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेला बसण्यासाठी किशोरवयात घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवलं, ही हकीकत इथल्या मुलांना माहीत असते. मुलं मन लावून ऐकायची. घरी गेल्यावर वही मात्र उघडत नव्हती. त्या गोष्टी सांगायलाच हव्यात असं मला वाटतं. पण आदर वाटणं आणि संध्याकाळी सात वाजता एकट्याने गुणोत्तराचं उदाहरण घेऊन बसणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

मग भिंतीवर तक्ता लागला. स्वतःहून पाच उदाहरणं सोडवली की एक चांदणी, दहा चांदण्यांना पेन. पहिल्या पंधरवड्यात तक्ता चांदण्यांनी भरला. नंतर मुलं सोपी उदाहरणं निवडू लागली, मग एकमेकांची उतरवू लागली. पेनं संपली तशा चांदण्याही थांबल्या.

हे असं का होतं, याचा अभ्यास झालेला आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बालवाडीच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना 'चित्र काढलंस तर बक्षीस' असं आधी सांगितलं. पुढे बक्षीस नसताना ही मुलं इतरांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. आवडीचं काम मोबदल्याचं झालं आणि मोबदला गेल्यावर काम उरलं नाही. बाईंच्या वर्गात तर मुळातली आवडही नव्हती.

पौर्णिमेचं कोडं

गुणोत्तर व प्रमाण हा धडा चालू होता. कुठल्या दोन राशी एकमेकींच्या पटीत बदलतात याची उदाहरणं बाई मुलांकडून मागत होत्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्गात क्वचितच तोंड उघडणारा, म्हणाला, "तिथी आणि भरती."

त्याचे आजोबा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख होते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेले, त्यामुळे हा हिशेब त्यांच्या जिभेवर. मुलाने तो फळ्यावर मांडला. वर्गाला गंमत वाटली. पहिल्या बाकावरच्या, कायम पहिल्या येणाऱ्या मुलीने विचारलं, "मग पौर्णिमेला?"

"पंधराची पाऊणपट. सव्वाअकरा."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"प्रतिपदा. एकाची पाऊणपट, म्हणजे पाऊण वाजता."

ती म्हणाली, "मग रोज पाऊण तास पुढे सरकणारी भरती त्या एका दिवशी दीड तास कशी काय सरकते?"

मुलगा फळ्याकडे बघत राहिला. रोज ऐकलेल्या हिशेबात ही फट आहे हे त्याला तिथे, सगळ्यांसमोर दिसलं. वर्गाने सवयीने बाईंकडे मान वळवली.

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. तुला कसं शोधून काढता येईल?"

या एका वाक्याने सगळं बदललं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण माझ्या मते या प्रकरणातलं शिक्षकाचं सर्वांत मोलाचं काम हेच. बाई पुस्तक उघडून दहा मिनिटांत उत्तर देऊ शकल्या असत्या. धडा पुढे सरकला असता आणि तो प्रश्न त्या मुलाचा राहिला नसता.

तो आधी आजोबांकडे गेला. आजोबा म्हणाले, "पाणी हाय ते. थोडं मागंपुढं व्हायचंच." बोट काढायला अर्ध्या तासाने काही बिघडत नाही, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हिशेब पुरेसा चोख होता. मुलाचं समाधान झालं नाही. एका वर्गमित्राने मोबाईलवर भरतीच्या वेळा दाखवल्या, "यात सगळं आहे की!" बाईंनी विचारलं, "ते बरोबर आहे हे कसं ठरवशील?" तेव्हा समुद्रावर जाऊन बघण्याशिवाय मार्ग उरला नाही.

जेटीच्या पायऱ्या

हा भाग मी मुलाच्या वहीवरून लिहितो आहे.

त्याने जेटीच्या पायऱ्यांवर खडूने खुणा केल्या. त्या पहिल्याच भरतीने पुसल्या. मग बोट रंगवून उरलेला ऑइलपेंट आणून प्रत्येक पायरीवर आकडा घातला. पुढची अडचण खरी होती. पाणी पूर्ण वर आल्यावर बराच वेळ हलतच नाही, लाटा तेवढ्या खालीवर होतात. मग 'पूर्ण भरती' नेमकी किती वाजता धरायची? वहीत तीन दिवस तीन वेगळे अंदाज आहेत आणि तिन्हींवर काट मारलेली आहे.

त्याने यावर काढलेला उपाय मला फार आवडला. पाणी चढताना एका ठरावीक पायरीला लागलं की वेळ टिपायची, उतरताना तीच पायरी उघडी पडली की पुन्हा टिपायची, आणि दोहोंच्या मधली वेळ ती भरतीची वेळ. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, अमावास्येला, चढताना १०.३२ आणि उतरताना १२.१४. मध्य ११.२३. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मध्य काढणं त्याला येत होतं, पण ते कशासाठी काढायचं हे त्याला तिथे पायरीवर बसून समजलं.

आता खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, पाडव्याला. आजोबांच्या हिशेबाने अमावास्येनंतरही दीड तासाची उडी पडायला हवी, कारण तिथेही पंधरानंतर पुन्हा एक येतो. घरी पाडव्याची गडबड, आई हाका मारते आहे आणि हा जेटीवर. मध्य आला १२.०५. म्हणजे फरक बेचाळीस मिनिटांचा.

वहीत त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: 'उडी नाही.'

सुट्टीत त्याने जमेल तसं मोजणं चालू ठेवलं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे पाणी कमी चढण्याच्या दिवसांत, भरती एका दिवसात तासाहून जास्त पुढे गेली. उधाणाच्या दिवसांत मात्र पाऊण तासाच्या आतच. शाळा उघडल्यावर त्याने बाईंकडे आलेख कागद मागितला. वर्गात निर्देशक भूमिती अजून सुरूही झाली नव्हती. बिंदू जोडल्यावर रेघ सरळ येईना; अमावास्येजवळ ती निजलेली, अष्टमीजवळ चढी. आपलंच मोजमाप चुकलं असं समजून त्याने काही दिवस पुन्हा मोजलं, तरी तेच. हे खरोखरच तसं असतं, कारण चंद्राच्या जोडीला सूर्यही पाणी ओढतो आणि दोघांची दिशा जुळते किंवा बिनसते तशी भरतीची वेळ थोडी अलीकडे-पलीकडे होते. तेवढं स्पष्टीकरण बाईंनी दिलं. बाकीचं त्याने स्वतः शोधलं.

शोधताना त्याने माळ्यावरची बहिणीची जुनी पुस्तकं काढली. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी, आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ: पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, एका अंशाला चार मिनिटं. हे दोन्ही धडे त्याने परीक्षेपुरते केले होते आणि विसरला होता. तिथी म्हणजे काय, यासाठी बाईंनी त्याला इंटरनेटवरचा मराठी विश्वकोश दाखवला. चंद्र आणि सूर्य यांच्यात १२ अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी पुरी होते. मग त्याने मांडलं: बारा अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथीला सरासरी ४८ मिनिटं. पंधरा तिथींना ७२० मिनिटं. बरोबर बारा तास.

आजोबांचा हिशेब पाऊण तासाचा, म्हणजे ४५ मिनिटांचा. प्रत्येक तिथीला तीन मिनिटं कमी. पंधरा तिथींची मिळून ४५. हरवलेला पाऊण तास तिथे सापडला. आजोबांनी हे ऐकल्यावर विचारलं, "मग चार-पंचमांश तोंडी कोण करणार?" बरोबरच आहे. पाऊणकी बोटीवर उभ्या उभ्या करता येते. मुलाने वहीत तेही लिहून ठेवलं आहे, आजोबांच्या नावानिशी.

पाठ्यपुस्तकाकडे

इथवरचं वाचून कुणी म्हणेल, छान प्रकल्प झाला. पण बाईंना प्रकल्प नको होता. भरतीपुरता जागा झालेला मुलगा बीजगणिताच्या तासाला पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला तर काय उपयोग? आणि तो उभा राहिलाच. "बाई, बरोबर आहे?"

बाईंनी त्याला विचारलं, "जेटीवर कुणाला विचारत होतास?"

भरतीच्या वेळी बरोबर-चूक समुद्र सांगत होता. पुस्तकातल्या उदाहरणाला ते कोण सांगेल, याचा विचार बाईंनी पूर्ण वर्गाबरोबर केला. समीकरणाची उकल मूळ समीकरणात घालून पाहता येते. वजाबाकी बेरजेने तपासता येते. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरसूची असते. मुलं ती आधी बघून उत्तराशी जुळेल अशी रीत लिहायची. आता नियम झाला की आधी सोडवायचं, मग स्वतःच्या रीतीने पडताळायचं, आणि शेवटी उत्तरसूची. उत्तर जुळलं नाही तर खोडायचं नाही, शेजारी लिहायचं की कुठल्या ओळीत गाडी घसरली. बाई वही तपासताना उत्तरं बघतच नाहीत, ती शेजारची ओळ बघतात. विज्ञान आणि समाजशास्त्राला पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं आणि मग पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाच्या पेनाने सुटलेलं भरायचं. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा अशा स्वतःच्या चाचणीने आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलेलं आहे. मुलांच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच होती: दुसऱ्या रंगाची शाई कमी होत जाताना त्यांची त्यांना दिसायची.

रांग एका दिवसात मोडली नाही. सुरुवातीला मुलं वैतागली. बाई टाळाटाळ करतात असंही घरी सांगितलं गेलं.

विरोध आणि त्यातलं तथ्य

एक पालक शाळेत येऊन म्हणाले, "बाई, पोरगा वर्षभर पाणी मोजत बसला तर दहावीला काय लिहील?" मुख्याध्यापकांनाही पोर्शनची काळजी होती. या दोघांना मी विरोधक म्हणणार नाही. ज्या घरात दहावीची टक्केवारी हाच मुंबईला पाय ठेवण्याचा परवाना, त्या घराची भीती खरी आहे. बाईंनी वाद घातला नाही. गुरुवारचा शेवटचा तास मुलांच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी मागून घेतला आणि बाकीचं वेळापत्रक होतं तसंच ठेवलं.

त्या तासात वर्गाने आपापले प्रश्न आणले. अट एकच होती: उत्तर बरोबर आहे की नाही हे बाईंना न विचारता कळलं पाहिजे. वरच्या वाडीतल्या एका मुलीने विहीर घेतली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या मुलखात एप्रिलमध्ये हंडे का फिरतात, हा तिच्या घरचा प्रश्न. तिने विहिरीच्या दोराला गाठी मारून दर रविवारी पाणी किती खाली गेलं ते मोजलं आणि होळीला पातळी कुठे असेल याचा अंदाज जानेवारीतच भिंतीवर लिहून टाकला. होळीला पाणी अंदाजाच्या हातभर खाली होतं. का, तर शेजारच्या बागेला पंप बसला होता. हा पंप पुढच्या अंदाजात कसा धरायचा यावर ती अजून काम करते आहे.

सगळ्यांचं असं झालं नाही. कायम पहिल्या येणाऱ्या मुलीला, जिच्या प्रश्नामुळे हे सुरू झालं तिलाच, हा तास सर्वांत जड गेला. "हे परीक्षेला आहे का?" हा प्रश्न ती शेवटपर्यंत विचारत राहिली. तिला चूक होण्याचीच धास्ती होती, आणि चूक लिहून ठेवायची म्हणजे तिच्या दृष्टीने शिक्षाच. बाईंनी तिला सक्ती केली नाही. दुसऱ्यांच्या हिशेबांतल्या फटी शोधण्याचं काम तिला दिलं, आणि त्यात ती तरबेज निघाली. स्वतःचा प्रश्न तिने अजून घेतलेला नाही.

आणि एक मुलगा मासेमारीवरची पावसाळी बंदी उठल्यापासून बोटीवर जात होता, आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर. ३१ जुलैला बंदी संपली की हाताला काम आणि घरात पैसा येतो. दिवाळीनंतर तो शाळेत यायचा थांबला. बाई घरी जाऊन आल्या. तिथे शिकवण्याच्या कुठल्याच पद्धतीचा संबंध नव्हता. कर्जाचा होता.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आतून येणाऱ्या प्रेरणेसाठी तीन गरजा सांगितल्या आहेत: निर्णय आपला असणं, काम आपल्याला जमतं आहे असं अनुभवाला येणं, आणि आपल्या माणसांशी नातं जोडलेलं असणं. जेटीवरच्या मुलाकडे तिन्ही होत्या. प्रश्न त्याचा, जमतं आहे हे रोजच्या भरतीला दिसणारं, आणि आजोबांशी रोज संध्याकाळी त्यावर बोलणं. मला यातली दुसरी गरज आपल्या शाळांत सर्वांत उपाशी दिसते. निवडीचं स्वातंत्र्य देणं आता सरकारी परिपत्रकांतही येतं. मुलाच्या घरी मासे, बाग, विहीर आहे याचीही दखल पाठ्यपुस्तकं घेतात. पण स्वतःचं काम स्वतः तपासण्याचं कौशल्य वेगळं शिकवावं लागतं, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि शिक्षकाला हातातला लाल पेन थोडा वेळ खाली ठेवावा लागतो. बाईंनी ते केलं, तेही पोर्शन पूर्ण करून. याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आत्ता

मुलगा दहावीत आहे. नववीच्या वार्षिक परीक्षेत त्याचे गणिताचे गुण थोडेसे वाढले, इंग्रजीचे होते तेवढेच राहिले. इंग्रजी कसं पडताळायचं हे त्याला अजून सापडलेलं नाही. सध्या तो एक इंग्रजी उतारा मराठीत लिहितो, दोन दिवसांनी त्याचं पुन्हा इंग्रजी करतो आणि मूळ उताऱ्याशी ताडून बघतो. ही युक्ती विहीरवाल्या मुलीने सुचवलेली. टेबलाशी रांग अजून लागते, पण आता मुलं "बाई, या ओळीपर्यंत बरोबर आहे, पुढे कुठेतरी बिघडतंय" असं म्हणत येतात.

मुख्याध्यापकांनी दहावीसाठी गुरुवारचा तास दिवाळीपर्यंत चालू ठेवायला परवानगी दिली आहे. त्यानंतर सराव परीक्षांचं वेळापत्रक लागेल, आणि तास ठेवायचा की नाही हे पहिल्या सत्राचा निकाल बघून ठरेल. नववीच्या नव्या वर्गाला मात्र बाईंनी तो जूनपासूनच लावला आहे.